जिंकताहेत तोवर माहेरी

एकदा एका भांड्यांच्या व्यापाऱ्याला जिंकण्याचा आजार जडला. स्वतः तो कधी गोट्यांतसुद्धा जिंकला नव्हता. जिंकत होते ते भीमथडी भुजंग, टीव्हीवरच्या कबड्डीतले. वर्षानुवर्षं मार खाणारा हा संघ यंदा असा सुटला, की समोर येईल त्याला लोळवायला लागला. हरत होते तेव्हा व्यापारी शिव्या घालून सुखानं झोपायचा. आता जिंकतात म्हटल्यावर त्याची झोपच उडाली. गिऱ्हाइकानं पातेलं मागितलं, तर हा झारा काढून द्यायचा.

आजाराचं मूळ वेगळंच होतं. भुजंग पहिल्यांदा जिंकले, त्याच दिवशी त्याची बायको शालन भावाच्या लग्नाला माहेरी गेली होती. झालं! ह्यानं मनाशी गाठ मारली: ती तिकडे, म्हणून जीत इकडे. लग्न लागलं, पूजा झाली, मांडवाची पानं वाळून गळाली, तरी हा काही न्यायला जाईना. आणि न्यायला आल्याशिवाय लेकीनं आपण होऊन सासरी जायचं नाही, ही तिथली रीत. शेवटी मेहुण्याचा फोन आला, "दाजी, पौर्णिमेपर्यंत या. नंतर आलात, तर पोहे खायचे आणि एकट्यानं परत जायचं."

पौर्णिमेलाच फायनल होती.

समोरच्या घरात एक आजी राहायची. अडलेलं माणूस तिच्याकडे सल्ल्याला जायचं आणि आधी थट्टा सोसायचं. व्यापारी गेला.

"आजी, बायको आणावी तर संघ हरतो. न आणावी तर बायको जाते. काय करू?"

"अगं बाई, केवढा हा पेच!" आजीनं गालाला हात लावला. "भुजंगांनाच विचारायचं की रे, तुमचं घर मी सांभाळतो, माझं तुम्ही सांभाळता का म्हणून!"

"आजी, चेष्टा नको."

"बरं, सेमीफायनल माझ्याकडे बघायला ये. मग सांगते."

त्या संध्याकाळी तो गेला, तर आजीनं टीव्हीपासून मागच्या भिंतीपर्यंत दोरी ओढून जाड चादर टांगलेली. बाप्ये इकडे, बाया तिकडे.

"हे काय नवीन? जन्मात कधी आडपडदा ठेवला नाहीस."

"बाया ओरडतात फार. तू आपला खेळ बघ."

खेळ कसला बघतोय! बसला की उठायचा, उठला की बसायचा. नखं खाऊन संपली, तेव्हा चादरीखालून एक ताटली सरकत आली. धपाटी आणि लसणाची चटणी.

"आजी, धपाटी फक्कड! कुणाच्या हातची?"

"पाहुणी आलीय माझ्याकडे."

शेवटच्या चढाईत भुजंगांनी समोरच्याची पकड केली आणि सामना मारला. व्यापारी टोपी उडवून नाचायला लागला. तेवढ्यात आजीनं दोरीची गाठ सोडली. चादर खाली आली. पलीकडे, बायांच्या मधोमध, शालन बसली होती.

व्यापाऱ्याचा एक पाय वरच राहिला.

"काल मीच गेले होते आणायला," आजी म्हणाली. "सासरी नाही हं, माझ्याकडे चार दिवस पाहुणी म्हणून. रीत मोडली नाही; न्यायला आता इथं यायचं."

व्यापाऱ्यानं शालनकडं बघितलं, टीव्हीकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे जीत हिच्यामुळं! शालन, फायनलला इथंच बस. ह्याच जागी, हीच साडी नेसून!"

बाया हसून लोळल्या. शालन हसली नाही.

"काल अपशकुनी, आज शकुनाची," ती म्हणाली. "अहो, मी नुसती बायको कधी व्हायची?"

आजीच्या डोळ्यांतली खोडी मावळली. "बाळा, ती पोरं रोज पहाटे ढोपरं फोडून घेतात, म्हणून जिंकतात. त्यात आपल्या हातात काही नाही, हे आपल्याला सोसत नाही. मग आपण घरातलंच कुणीतरी धरतो आणि खुंट्याला बांधतो. भुजंग हरतील म्हणून तू झोपला नाहीस. अरे, हरायला आलं होतं तुझं घर, आणि तिथं तू मैदानातच उतरला नव्हतास."

व्यापारी खाली मान घालून घरी गेला.

पौर्णिमेच्या संध्याकाळी सगळी गल्ली टीव्हीला चिकटली होती. फायनल सुरू झाली, आणि तेव्हाच तो आजीच्या दारात येऊन उभा राहिला. धुतलेली टोपी, हातात नारळ आणि खण.

"न्यायला आलोय."

"बस. पोहे खाऊन घे," आजी म्हणाली आणि त्याला मुद्दाम टीव्हीकडे पाठ करून बसवलं. मागं आरोळ्या उठत होत्या. त्याचे कान लाल झाले. पण त्यानं मान वळवली नाही.

ओटी भरली, गल्ली ओलांडली. घरात पाऊल टाकल्यावर टीव्ही शालननंच लावला. एकच चढाई उरली होती. भुजंग हरले. गल्लीभर सुतक पसरलं.

शालनची पिशवी अजून हातातच होती. "माझ्यामुळं?" तिनं हळूच विचारलं.

पडद्यावर तीच चढाई पुन्हा दाखवत होते. व्यापाऱ्यानं ती नीट पाहिली.

"छे. तो कोपऱ्यावरचा बघ. साखळीत शेजाऱ्याचा हात धरायचा, तर ऐन वेळी सोडला."

"हं," म्हणून शालननं पिशवी खाली ठेवली.

त्या रात्री व्यापारी भुजंगांना मनसोक्त शिव्या घालून सुखानं झोपला.