उसवलेली पत्रावळ

"चार वेळा गेलो, बाबा. चारही वेळा ती बाई हातातल्या कामावरून मान वर करत नाही. आता मी करू तरी काय?"

देवतळे गुरुजी धुनीपाशी उभेच होते. वर्ध्याकडचा माणूस, परीक्षेत पहिला आलेला, डोंगरातसुद्धा शर्टाची इस्त्री मोडू न देणारा. कोरकू आदिवासींच्या त्या गावातल्या शाळेवर येऊन त्यांना चार महिने झाले होते.

गोमाजीबाबा राख सारखी करत होते. गावात त्यांची चाळीस वर्षं गेलेली. कोरकू बोलायला लागले की कोरकूच वाटायचे.

"काय सांगतोस तिला?"

"हेच की तुझी सुमरती हुशार आहे. तू सोयाबीन सोंगायला खाली चाललीस, तिथून कापूस वेचायला जाशील. पोरीला नेऊ नकोस, आजीपाशी ठेव. एकदा दोन महिने शाळा बुडाली की पोर परत येत नाही. हिची थोरली बहीण अशीच शाळेतून गेली."

"मराठीत सांगतोस?"

"मग कशात? पण अगदी सोप्या मराठीत. हळू. मोठ्यानं."

"बहिरी आहे का रे ती?"

गुरुजींनी शर्टाची बाही झटकली.

मग म्हणाले, "नवऱ्याला मराठी येते, पण तो पुढं गेलाय. ही गुरुवारी निघणार. तुम्ही चला. मी सांगेन तसं तिला तिच्या बोलीत सांगा, म्हणजे झालं."

"चल," बाबा म्हणाले, आणि काठी न घेताच उठले.

सुमरतीची आई बुधाय अंगणात पळसाच्या पत्रावळ्या लावत बसली होती. गावात लग्न होतं. पहिलीतली सुमरती पानं निवडून देत होती, तिची म्हातारी आजी दारात बसली होती.

बाबा खाली बसले. पानं मांडीवर घेतली, बांबूची बारीक काडी उचलली आणि लागले टाके घालायला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"बाबा, सांगा ना."

बाबांनी एक पान त्यांच्या हातात दिलं.

गुरुजी पान धरून उभे राहिले. ऊन पायरीवरून अंगणात आलं. शेवटी पँट जराशी वर ओढून ते मातीत टेकले.

पहिलं पान फाटलं. दुसरं त्यांनी उलटंच जोडलं, गुळगुळीत बाजू खाली.

बुधायनं मान वर केली.

पत्रावळ त्यांच्या हातातून घेतली, उसवली. पान सुलटं करून एक टाका घालून दाखवला. परत दिली. गुरुजींनी लावली. तिनं पुन्हा उसवली. सुमरती खदखदून हसली. आईनं तिला कोपरानं ढोसलं आणि मग स्वतःच तोंडाला पदर लावला.

बुधाय गुरुजींना तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. त्यांना कळलं नाही.

मग तिनं तेच पुन्हा सांगितलं. हळू. मोठ्यानं.

गुरुजींचे कान लाल झाले. त्यांनी मान हलवली आणि तिसऱ्यांदा पान जोडलं. टाका बसला. बुधायनं ती वाकडी पत्रावळ ढिगावर ठेवली, इतरांसारखीच.

तेव्हा गुरुजींनी सुमरतीकडे बोट केलं. मग शाळेकडे. मग म्हातारीकडे. आणि हात जोडले.

बुधाय लेकीकडे बघत राहिली. बाबा टाके घालत राहिले.

गुरुवारी बुधायचं गाठोडं डोंगर उतरून गेलं. आणि शाळा भरली तेव्हा म्हातारीचं बोट धरून सुमरती दारात उभी होती.

संध्याकाळी गुरुजी धुनीपाशी आले. आले ते बसलेच.

"बाबा, तुम्हाला तिची बोली येते. तासभर शेजारी होतात. एक शब्द का नाही बोललात?"

बाबांनी राख सारखी केली.

"मी बोललो असतो, तर ती माझ्याशी बोलली असती."