करकोजीचा दहावा

फार जुन्या काळी एका नदीघाटावर करकोजी नावाचा कावळा राहायचा. दहाव्याच्या पिंडाला तो लवकर शिवायचाच नाही. घरचे हात जोडायचे, "आबा, धाकटीचं लग्न लावून देऊ!" करकोजी ढिम्म. शेवटी कोणाला तरी आठवायचं, आबांना जिलबी आवडायची. पानावर जिलबी आली, की स्वारी उतरायची.

एकदा देशमुखांच्या दहाव्याला त्याने जिलबीची अख्खी परात उकळली आणि एकट्याने फस्त केली. मग उडता येईना. घरंगळत नदीत पडला आणि मेला.

कावळ्यांनी त्याचाही पिंड मांडला आणि सगळे फांदीवर जाऊन बसले.

"शिवा की कोणीतरी," म्हातारा कावळा म्हणाला.

"आधी जिलबी ठेवा," बाकीचे म्हणाले.

भात वाळून खडा झाला. करकोजीचा आत्मा वरून टाहो फोडत होता, "अरे शिवा रे! मला काही नको!"

"आम्हाला हवीय ना," कावळे म्हणाले.