घोड्याची पाठ, आईची पाठ

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हाची, जेव्हा एका अख्ख्या राज्याची तहान एकाच तलावावर भागत होती. बांध फुटला तर राज्य बुडणार, तलाव आटला तर राज्य तहानेनं मरणार. म्हणून तलावाचे राखणदार तयार करणारी एक शाळा बांधाच्या पायथ्याशी होती. तिथं जो शिकला तो राखणदार झाला, आणि राखणदाराच्या घरात पुन्हा कुणी उपाशी झोपलं नाही.

शाळेच्या दाराला दगडी उंबरा होता, कमरेइतका उंच. पुराचं पाणी आत शिरू नये म्हणून जुन्या लोकांनी तो तसा बांधलेला. आता उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हे तुम्हाआम्हाला कुणी सांगायला नको. सरदारांची मुलं घोड्यावरून यायची आणि खोगिरावरूनच अलगद आत उतरायची. पायी आलेल्याला मात्र उडी मारावी लागे. दहा वर्षांत एखादा लांब तंगड्यांचा पोर पलीकडे जाई, बाकीचे गुडघे फोडून घेऊन घरी परतत.

शाळेचे आचार्य स्वतः एका कुंभारणीचे पुत्र. दरसाल प्रवेशाच्या दिवशी ते सांगत, मीही पायीच आलो होतो, उडी मारली आणि आत आलो. इतक्यांदा सांगितलं की ती उडी त्यांना डोळ्यांपुढे दिसायची. आचार्य झाल्यावर त्यांनी नियमच करून टाकला, की उंबरा ओलांडताना कुणी हात द्यायचा नाही, कुणी पाठ द्यायची नाही. ज्याच्या अंगात धमक असेल तो येईल. माणूस वाईट नव्हता हो. पण पोट भरलं की भुकेची आठवण राहत नाही, तसं त्यांचं झालं होतं.

त्या वर्षी साळू तिसऱ्यांदा आली. बांधावर माती वाहणाऱ्या बाईची ही मुलगी. आईमागून अनवाणी हिंडता हिंडता, तळपायाला गारवा लागला की आत पाणी कुठं मुरतंय, हे तिला कळू लागलं होतं. पण बारा वर्षांवरच्या मुलांना शाळेत घेत नसत, आणि साळूचं बारावं सरत आलं होतं. आज आत गेली तर गेली, नाहीतर उद्यापासून आईच्या पाटीशेजारी तिची पाटी, ती जन्मभर.

साळू धावत आली. उडी तोकडी पडली, नडगी दगडावर आपटली आणि ती चिखलात कोसळली. कुणी हसलं नाही, पण कुणी पुढंही आलं नाही.

मग तिची आई आली. तिनं उंबऱ्याशी गुडघे टेकले, हात चिखलात रोवले आणि पाठ सपाट करून वाकून राहिली. साळूनं आईच्या पाठीवर एक पाय ठेवला, तोच आतून आचार्य म्हणाले, "बाई, ऊठ. इथं पाठ चालत नाही."

बाई उठली नाही. साळूनं पाय खाली घेतला. ती आचार्यांकडे वळली.

"आचार्य, घोड्याची पाठ चालते. मग आईची का चालत नाही?"

आचार्यांना राग आला. रागावून बोलायला म्हणून ते उंबऱ्यावरून वाकले, आणि खाली त्या बाईची पाठ त्यांना दिसली. विटक्या लुगड्यावर चिखलाचं एक लहानसं पाऊल उमटलं होतं. ते त्यांनी आधी पाहिलं होतं. अशाच विटक्या लुगड्यावर, आपल्या आईच्या पाठीवर, अशीच दोन पावलं. कितीतरी दिवस तिनं ती धुतली नव्हती. कुणी विचारलं की म्हणायची, राहू दे, माझा लेक इथून वर गेला.

एका शिष्याच्या खांद्याला धरून आचार्य बाहेर उतरले आणि आधी त्या बाईला हाताला धरून उठवलं. मग आत जायला वळले. उंबरा समोर होता. म्हातारे पाय तेवढे उचलत नव्हते.

साळूला यात काही विशेष वाटलं नाही. फुटल्या नडगीनिशी ती वाकली. "पाय द्या, आचार्य," ती म्हणाली.

आचार्यांनी पाय दिला नाही. ते तिथंच चिखलात बसले आणि सगळ्यांदेखत रडले. "मी उडी मारलीच नव्हती," ते म्हणाले. "मी आईच्या पाठीवरून आलो होतो."

त्याच दिवशी आचार्यांची दगडी बैठक शाळेतून बाहेर आणून उंबऱ्याला पायरी म्हणून लावली. घोडेवाल्यांची काही अडचण झाली नाही. पायरीवरून पहिली साळू आत गेली, आणि तिच्यामागून, घरी परत निघालेली अकरा मुलं.

पुढं आचार्य गेले. साळू राखणदार झाली. एका ओल्या वर्षी, पावसाच्या उघडिपीत बांध वरून कोरडाठाक दिसत असताना, एका जागी तिच्या तळपायाला गारवा लागला. जोडे घालून तिथूनच रोज गस्त घालणाऱ्यांना तो कधी जाणवला नव्हता. तिनं ती जागा खणवली, आतली भेग बुजवली आणि राज्य वाचलं. शाळेच्या दाराची ती पायरी तोवर पावलांनी मधोमध झिजली होती.

तात्पर्य: वर पोचलेल्यानं आपण कुणाच्या पाठीवरून चढलो ते विसरू नये, आणि मागून येणाऱ्यासाठी पायरी ठेवावी.