तीन गावांचा एक सोमवार

ही गोष्ट इतकी जुनी आहे की तेव्हाच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. त्याच्या राज्यातल्या एका खोऱ्यात तीन गावं होती: वरचं, मधलं आणि खालचं. प्रत्येक गावाला एक पाटील. तिघांच्याही मिशा झुपकेदार आणि हट्ट त्याहून दांडगा.

तिन्ही गावांचा बाजार सोमवारीच भरे. मधल्या गावाने सोमवार धरला म्हणून वरच्याने धरला, आणि आपण मागे कसं राहायचं म्हणून खालच्यानेही! मग मीठवाला वर जाई, कापडवाला मध्ये थांबे आणि खाली पोचे तो नुसता धुरळा. उरलेले सहा दिवस खोऱ्यात व्यापारी फिरकत नसे.

मधल्या गावात एक म्हातारी कुंभारीण राहत असे. सगळं खोरं तिच्याच माठांतलं गार पाणी पिई. एका सकाळी तिने आपलं चाक बैलगाडीत चढवलं. बातमी ऐकून तिन्ही पाटील धावत आले.

"आजी, कुठं निघालीस?" वरच्या पाटलाने विचारलं.

"घाटाखाली. तिथं रोज कुठं ना कुठं बाजार असतोय. हितं तुमचा तिघांचा वार येकच, आन् मला पाय दोनच. सांगा, कुणाच्या बाजारात बसू?"

"आमच्या!" तिघेही एकदम ओरडले आणि मग तिघेही ओशाळले.

"मग वार वाटून घ्या की," म्हातारी म्हणाली. "आठ दिस गाडी थांबवते."

पण सोमवार सोडायचा कुणी? वरचा खालच्याकडे बघे, खालचा वरच्याकडे. शेवटी मधल्या पाटलाने पागोटं काढून मांडीवर ठेवलं. सर्वांत मोठा बाजार त्याचाच होता, आणि तो त्याच्या आज्याने बसवलेला.

"सोमवार खालच्या गावाला दिला," तो म्हणाला. "माझा बाजार शनिवारी."

शनिवारी नवी वस्तू घरात आणायला लोक कचरत. तो वार कुणीच मागितला नसता. वरचा पाटील मान खाली घालून म्हणाला, "मग मी गुरुवार घेतो."

पहिला शनिवार उजाडला. दुपार झाली तरी मधल्या गावचा बाजार ओस होता. एकटी म्हातारी माठ मांडून बसली होती आणि शेजारी पाटील घाम पुसत उभा होता. गावकरी कुजबुजले, "पाटलानं हातचा बाजार घालवला!"

म्हातारी बैल जुंपायला उठली, तोच दोन्ही वाटांनी धुरळा उठला. वरून वरचा पाटील येत होता, खालून खालचा. दोघांच्या मागे त्यांचं अख्खं गाव होतं आणि सोमवार-गुरुवार करून आलेले मीठवाले, कापडवालेही होते. खालच्या पाटलाने पहिला माठ उचलला आणि स्वतःच्या खांद्यावर घेतला. बाजारात एकच जल्लोष झाला!

संध्याकाळी म्हातारीपुढे एकही माठ उरला नाही. तिने चाक गाडीतून उतरवून घेतलं. वर्षभरात विणकर आले, तांबट आले, आणि घाटाखालचे लोक खरेदीला खोऱ्यात चढू लागले. मधल्या गावचा शनिवार तर राजधानीपर्यंत गाजला.

बाळांनो आणि बाळांच्या आजोबांनो, एवढं ध्यानात ठेवा: शेजारच्या गावाला वाट करून दिली, की त्याच वाटेने आपल्याही गावाची भरभराट होते.