भेगेतलं मेण

फार मागे, भानाप्पा नावाचा एक स्थपती होता. कुठलीही इमारत बांधण्याआधी तो स्वतःच्या हातांनी तिचा वीतभर मातीचा नमुना करी, उन्हात वाळवी आणि बोटाने टकटक करून विचारी, "कुठे दुखतं का रे?"

नमुना खरं ते सांगे. मग तो मोडून भानाप्पा नवा करी.

राजाच्या मंडपाचा नमुना म्हणाला, "बाबा, उत्तरेची भिंत दुखते. मला मोडा."

पण राजा त्याच दिवशी नमुना बघायला येणार होता. भानाप्पाने त्या भिंतीच्या भेगेत मेण भरलं, वरून रंग फासला.

"मला गप्प केलंत," नमुना पुटपुटला, "पण आत माणसं बसणार आहेत, बाबा."

राजा खूश झाला. मंडप तसाच उभा राहिला.

वास्तुशांतीच्या दुपारी मंडपात पंगत बसली; भानाप्पाही पंगतीत होता. तेवढ्यात उत्तरेच्या भिंतीवर बाहेरून टकटक झाली. ती एवढी मोठी होती, की छताची माती पानांत पडली. मग वरून आवाज आला. तो भानाप्पाचाच होता.

"कुठे दुखतं का रे?"

भानाप्पा ओरडायला उठला. पण तोंड उघडेना. त्याचे ओठ मेणाने बुजले होते.