पुलापायी दिलेला शब्द

एका राज्यात, जिकडची वाट आज कोणालाच आठवत नाही, शुभ्रा नावाची नदी होती आणि त्या नदीवर अर्धा पूल होता.

पूल अर्धाच आहे, हे शाल्मलीला ठाऊक नव्हते. डोंगरांपलीकडच्या स्थपतींच्या गुरुकुलात ती शिळेचे वजन मंत्राने हलके करायला शिकली होती, वाहत्या पाण्यात पाया कसा धरावा हे शिकली होती. परतीच्या वाटेवर तिने मनात सारे चित्र रंगवले होते. शेवटची कमान तेवढी उरली असेल, गवंडी गाणी म्हणत असतील आणि पुलाचा कारभारी असलेला आपला सुदेवमामा लांबूनच हात हलवील.

तिला दिसले ते निराळेच. नदीत काही खांब उभे होते आणि बहुतेक कमानी पाण्यात पडल्या होत्या. दिवसभर रचायच्या आणि पहाटे पडताना पाहायच्या, असे किती दिवस चालले होते कोण जाणे. गवंडी गात नव्हते, एकमेकांशी बोलतही नव्हते. दोन्ही काठांवर माणसे जमली होती, पण ती भांडायला आली होती. आणि पुलाच्या तोंडाशी मामा बसला होता, कमरेच्याही वर दगड झालेला.

"आलीस?" मामा म्हणाला. "उठलो असतो पोरी, पण हे असं आहे." त्याने गुडघ्यावर टिचकी मारली. खण्ण असा आवाज आला. "बस. गूळ घे."

त्या राज्याची रीत अशी होती की, कामाचे विचारायला आलेल्या माणसाला कोरडे परत पाठवायचे नाही. त्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायचा आणि वर एक शब्द द्यायचा. पंधरवड्यात होईल. अमावास्येला होईल. माणूस गोड तोंडाने घरी जाई. 'नाही' म्हणणे आणि 'ठाऊक नाही' म्हणणे, दोन्ही तिथे दारी आलेल्याला हाकलण्यासारखे मानत.

त्याच दिवशी राजा पुष्पकेतूचा जासूद आला. "पौर्णिमेचा शब्द सुदेवांनी दिला आहे," तो म्हणाला. "देशोदेशीचे राजे निघाले आहेत. महाराज विचारतात, पूल होईल ना?"

शाल्मलीचे डोळे चमकले. याचसाठी तर ती शिकून आली होती. "मामाचा शब्द तो माझा शब्द," ती म्हणाली. "पौर्णिमेला महाराजांचा हत्ती पलीकडे उतरेल." आणि तिने जासुदाच्या हातावर गूळ ठेवला.

त्याच क्षणी तिची पावले गार पडली. पाहते तो घोट्यापर्यंत दगड. मागे नदीत एक कमान कोसळली.

तरीही ती राबली. चुना तिने स्वतः मळला, प्रत्येक शिळेला ओळंबा लावला, मंत्र म्हणून म्हणून घसा बसवला. पहाट झाली की कमान पडे आणि तिच्या पायातला दगड बोटभर वर चढे. काठावरून कोणी ओरडे, "अहो शिकलेल्या बाई, तुमच्यापेक्षा तुमचा मामा बरा होता. तो निदान गोड बोलायचा." ती पाय ओढत पुढच्या खांबाकडे जाई.

एका संध्याकाळी ती मामाजवळ वाळूत बसली असताना खांबाच्या सावलीत राहणारी टिटवी जवळ आली.

"तुझा चुना चांगला आहे," टिटवी म्हणाली. "ओळंबाही सरळ आहे. तू उगाच दमतेस."

"मग कमानी का पडतात?"

"कमानीतला दगड तुमच्या अंगात शिरतो. मग कमान उभी कशाच्या जोरावर राहील?" टिटवीने पंख झटकले. "पहिला खांब शंखपाद मांत्रिकानं रोवला, तेव्हा मी इथंच होते. त्याची आई आजारी होती. त्यानं घरी जायला रजा मागितली. राजानं गूळ दिला आणि म्हणाला, उद्या जा. दुसऱ्या दिवशी पुन्हा गूळ, पुन्हा उद्या. तिकडे आई गेली. तेव्हा त्यानं शाप दिला, या पुलापायी जो खोटा शब्द देईल, त्याच्या अंगात या पुलाचा दगड शिरेल आणि रोज बोटभर चढेल."

"आणि उतारा?"

"ज्याला शब्द दिला त्याच्या दारी जायचं. शब्द खोटा होता म्हणून सांगायचं. त्यानं आपणहून परत दिला, तर दगड सुटतो."

शाल्मली मामाकडे वळली. "मामा, तुला हे ठाऊक होतं?"

"त्याचे पाय दगड झाले तेव्हाच मी त्याला सांगितलं होतं," टिटवी म्हणाली. "तो म्हणाला, उद्या जातो."

मामा नदीकडे पाहत म्हणाला, "बारीकसारीक शब्द लोक कधीच विसरले. तिघांनी मात्र धरून ठेवलेत. नावाड्यांनी, डोहातल्या यक्षानं आणि महाराजांनी. दगड काळजाला टेकला की मी संपलो. पौर्णिमेपर्यंत पुरेन." घमेल्यातला चुना कुठवर पुरेल हे सांगावे, तशा सुरात त्याने ते सांगितले.

सकाळी शाल्मली नावाड्यांच्या म्होरक्याकडे, रायाजीकडे गेली. पूल झाला तरी तुमच्या नावा चालतच राहतील, असा शब्द मामाने त्याला दिला होता.

"तो शब्द खोटा होता," ती म्हणाली. "पूल झाल्यावर नावेत कोणी बसणार नाही."

रायाजी जाळे विणत होता. "बाई, एवढं शिकून आलीस, तर खोटं नीट बोलायला शिकवलं नाही का तिथं?"

"मला शब्द परत हवा आहे."

"असा नाही मिळायचा. माझी नाव धारेविरुद्ध तीनदा पलीकडे ने. आमचं काय जाणार आहे, ते हातांना कळू दे."

दगडी पायांनी नाव एका अंगाला कलत होती. पहिल्या खेपेला तिचे तळवे सोलले. दुसऱ्या खेपेला वल्हे रक्ताने निसरडे झाले. तिसऱ्या खेपेला नाव जागच्या जागी फिरू लागली, तेव्हा रायाजीने दुसरे वल्हे धरले.

"पुढं आमचं काय?" काठावर उतरताना त्याने विचारले.

"पूल होईतो दगड तुमच्याच नावांतून येईल. त्यापुढचं मला ठाऊक नाही."

रायाजीने नाव खुंटीला बांधली. "तुझ्या मामाचा शब्द गोड होता. माझ्या माणसांनी तो इतका चघळला की दुसरं काम शोधायचं राहूनच गेलं. घे परत." त्याने गुळाऐवजी एक करडा खडा तिच्या हातावर ठेवला. तिकडे मामाची छाती मोकळी झाली.

दुसरे दार डोहातल्या यक्षाचे. ज्या खडकावर मधला खांब रोवायचा, त्याच खडकाखाली त्याचा खजिना होता. त्या सोन्याला हात लावणारा आपले घर विसरून जाई, म्हणून ते यक्षालाच हलवता येई. खडकाला हात लावणार नाही, असा शब्द मामाने त्याला दिला होता.

"शब्द खोटा होता," शाल्मली पाण्यात वाकून म्हणाली. "खांब तिथंच येणार. तुम्हाला हलावं लागेल."

यक्ष वर आला. त्याच्या दाढीत शेवाळ होते. "हलायला मी कधी नाही म्हणालो?" तो वैतागून म्हणाला. "राजाचे लोक येतात, उद्या हला म्हणतात. मी सोन्याचे हंडे बांधतो. मग तुझा मामा येतो, हलू नका म्हणतो. मी हंडे सोडतो. माझी कंबर गेली बाई या बांधाबांधीत. मला एकच सांग, हलायचं कधी?"

"उद्या नाही. वरच्या वळणावर नवा डोह खणू. तो तुम्ही आधी पाहा. पसंत पडला तरच हंडे उचला, मगच मी खडकाला पहार लावीन."

"आणि पसंत नाही पडला तर?"

"तर पूल थांबेल. लोक मला शिव्या देतील."

यक्ष पहिल्यांदाच हसला आणि त्याने दुसरा खडा दिला. मामाची कंबर मोकळी झाली. गुडघे मात्र तसेच राहिले, आणि शाल्मलीचेही तोवर दगड झाले होते.

तिला डोलीत घालून दरबारात नेले. पौर्णिमा दुसऱ्याच दिवशी होती. राजा पुष्पकेतू गुडघ्यांवर जरीची शाल पांघरून सिंहासनावर बसला होता.

"उद्या पूल होईल?" राजाने विचारले.

"नाही, महाराज."

"मग कधी?"

"ठाऊक नाही, महाराज. पौर्णिमेचा शब्द खोटा होता. मामाचाही आणि माझाही."

चवरी ढाळणाऱ्याचा हात थांबला. प्रधान पुढे वाकून हळूच म्हणाला, "मुली, निदान लवकर म्हण."

"लवकर म्हणजे कधी, ते मला ठाऊक नाही, प्रधानजी."

"तू दूरदेशी शिकलीस," राजा म्हणाला. "तिथं राजाशी असंच बोलतात?"

"तिथंही नाही बोलत, महाराज. तिथं उत्तर टाळून नुसतं हसतात."

राजाने शाल बाजूला केली. कमरेपासून खाली तो सिंहासनाइतकाच दगडी होता. "मी कोणासाठी उठत नाही," तो म्हणाला. "लोक त्याला माझा रुबाब समजतात."

त्याची नजर दरबाराच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे शंखपाद मांत्रिक गाठोडे बांधून बसला होता. रोज तो असाच रजेची वाट पाहत बसत असे.

"शंखपादा," राजा म्हणाला, "उद्या जा म्हणालो, ते खोटं होतं. तू गेलास तर पूल कोण बांधील, याची मला भीती होती. आज जा."

"आता घरी कोण आहे, महाराज?"

"ठाऊक नाही," राजा म्हणाला. हे शब्द उच्चारायला त्याला फार वेळ लागला.

शंखपाद उठला. "तुमचा शब्द मी तुम्हाला परत देतो. तुम्ही हिचा आणि हिच्या मामाचा हिला द्या." राजाने मान हलवून दोन्ही शब्द शाल्मलीला परत दिले. गाठोडे खांद्यावर टाकून शंखपाद दरवाजातून बाहेर पडला, मागे न पाहता, आणि त्याच्याबरोबर शाप राज्याबाहेर गेला. सिंहासनाच्या पायऱ्यांवरून करडे दगड गडगडत खाली आले. शाल्मली डोलीतून आपल्या पायांनी उतरली. नदीकाठी मामा उभा राहिला आणि पायाला मुंग्या आल्याने लगेच पुन्हा बसला. रचलेल्या कमानी त्या पहाटे पडल्या नाहीत.

सकाळ झाली. पाहुण्या राजांना रायाजीच्या नावा पलीकडे नेत होत्या. दोन्ही काठांवर लोक कमानींकडे बोट दाखवून हसत होते. शाल्मली एकेका कमानीखालून गेली आणि चौथ्या कमानीपाशी थांबली. ती शापाने बिघडलेली नव्हती. मामाने दिलेली कोणती तरी तारीख गाठायला ओल्या चुन्यावर घाईने शिळा चढवल्या होत्या आणि कमान एका अंगाला झुकली होती. आज पडणार नव्हती. कदाचित बरीच वर्षे पडणार नव्हती.

मामा लंगडत तिच्यामागे आला. त्यानेही वर पाहिले. "उभी आहे ना?" तो हळूच म्हणाला. "राहू दे पोरी. लोक किती दिवसांनी हसताहेत."

"हिच्यावरून गाड्या जाणार, मामा."

काठावरून कोणी विचारले, "काय झालं? आता आणखी किती दिवस?"

"ही कमान उतरवायची आहे," शाल्मलीने मोठ्याने सांगितले. "उतरवली की खालचा खांब कसा आहे ते दिसेल. दिसलं की सांगेन."

काठावरचे हसणे थांबले. कोणी तरी शिवी दिली. शाल्मलीने गवंड्यांना कमानीखाली लाकडी आधार बसवायला सांगितले आणि माथ्यावरचा दगड सैल करायला ती स्वतः परांचीवर चढली.