न पाहिलेले नाक

एकदा एका नेत्ररुग्णालयात एक पटवेकरीण दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी आली. मंगळसूत्रे ओवून देणे हा तिचा व्यवसाय. तिच्या डाव्या डोळ्यातून अखंड पाणी वाहत असे आणि लग्नघरच्या बायका म्हणत, "रडत ओवलेलं मंगळसूत्र नको गं बाई." ऐन लग्नसराईत तिचे दुकान रिकामे राहू लागले होते.

डोळ्यातील पाणी नाकात उतरण्याचा तिचा नैसर्गिक मार्ग बंद झाला होता. रुग्णालयातील एका तरुण शिष्याने नाकाच्या हाडातून नवी वाट करून दिली होती. छिद्र योग्य मापाचे होते, टाके निर्दोष होते. तरीही चौथ्या महिन्यात ती वाट बुजली. आता शस्त्रक्रिया त्याचे वृद्ध गुरू करणार होते.

ठरलेल्या सकाळी ती उपाशीपोटी आली. गुरूंनी दुर्बिणीतून तिचे नाक बराच वेळ न्याहाळले आणि डोळ्याला स्पर्शही न करता ते म्हणाले, "आज नाही. दीड महिन्याने."

पटवेकरीण उसळली. "दोनदा उपाशी ठेवलंत डॉक्टर, एकदा तरी बरं करा!"

"काकू, तपकीर ओढता?"

तिने कमरेची डबी पदराखाली सरकवली. "कामात तेवढीच तरतरी येते. डोळ्याला कुठं लावते मी?"

"डोळ्याला लावली असतीत, तर आमच्या या डॉक्टरांनी विचारलं तरी असतं," गुरू शेजारी उभ्या शिष्याकडे पाहत म्हणाले.

ती गेल्यावर शिष्य खालच्या आवाजात म्हणाला, "सर, मी छिद्र मोजून केलं होतं. आणखी मोठं हवं होतं का?"

"तुझ्या छिद्रात मला दोष दिसत नाही," गुरू म्हणाले. "दार तू नीट पाडलंस; ते ज्या खोलीत उघडतं, तिथे मात्र डोकावला नाहीस. नाकाचा मधला पडदा वाकून नेमका त्या दाराला टेकला आहे. तपकिरीने अस्तर सुजलं आहे. अशा जागी जखम भरते, ती दारासकट भरते. आधी सूज उतरू दे. मग पडदा सरळ करू, दार पुन्हा पाडू. पुढे त्यांनी नाक नियमित धुतलं, तपासणीला आल्या, तर वाट टिकण्याची शक्यता वाढेल. खात्री मी देणार नाही."

शस्त्रक्रिया दीड महिन्याने झाली. तपकीर सोडणे पटवेकरणीला त्याहून कठीण गेले, पण तिने सोडली. सहा महिन्यांनी शिष्याने तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून मिठाचे पाणी सोडून पाहिले.

"अगंबाई, घशात खारट लागलं!" ती म्हणाली आणि लगबगीने उठली. दुकानात एका नवरीची आई खोळंबली होती.

त्याच दुपारी डोळा गळणारे एक वृद्ध गृहस्थ आले. शिष्याने विचारले, "आजोबा, दोन्ही नाकपुड्यांतून श्वास मोकळा येतो का?"

"अहो, दुखणं डोळ्याचं आहे!"

"हो," शिष्य म्हणाला, आणि त्याने दुर्बीण हाती घेतली.